व्याजदर बँकेच्या दाराबाहेरच ठरतो

सालवडमध्ये घर घेणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, ‘हप्ता किती बसेल?’ दर किती, हा प्रश्न त्याच्या मागून येतो. तो दर तेवढाच का, हे मात्र फार थोडी माणसं विचारतात. या प्रकरणात त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. गृहकर्जाचा दर हा काही बँकेच्या साहेबाची मर्जी नव्हे. तो भागाभागांनी बनतो, आणि त्यातले काही भाग कर्जदाराच्या हातात असतात.

सालवड हे उदाहरण म्हणून घेण्याला कारण आहे. तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेलं हे गाव पालघर आणि बोईसरच्या बदलाचं सगळं ओझं वाहतं. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढे एमआयडीसीत औषधं, रसायनं, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर बोईसरला स्थानक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या प्रत्येक टप्प्यावर घराची मागणी वाढत गेली. मूळचा भूमिपुत्र, अणुऊर्जा केंद्रातला कायम कर्मचारी, ठेकेदाराकडे तीन पाळ्यांत राबणारा कामगार, उत्तर भारतातून आलेला फिटर असे सगळे एकाच इमारतीत घर बघतात. घराची किंमत सर्वांना जवळपास सारखी सांगितली जाते. व्याजाचा दर मात्र प्रत्येकाला वेगळा मिळतो.

हा फरक केवढा मोठा असतो ते आधी पाहू. वीस लाखांचं कर्ज, मुदत वीस वर्षं. दर ८ टक्के असेल तर हप्ता १६,७२९ रुपये. ९ टक्के असेल तर १७,९९५ रुपये. महिन्याला १,२६६ रुपयांचा हा फरक २४० हप्त्यांत सुमारे ३ लाख ४ हजारांवर जातो. आणि दर १२ टक्के पडला तर हप्ता होतो २२,०२२. आठ टक्केवाल्याच्या तुलनेत हा कर्जदार वीस वर्षांत सुमारे १२ लाख ७० हजार रुपये जास्त भरतो. तेवढ्या पैशात मुलांचं शिक्षण होतं. म्हणूनच दराचा प्रश्न हप्त्याच्या आधी यायला हवा.

दर कशाचा बनतो

बँकेच्या फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला भाग रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराचा, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे उसने देते त्या दराचा. दुसरा भाग म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चासाठी आणि नफ्यासाठी त्यावर चढवलेला स्प्रेड. तिसरा भाग तुमच्या जोखमीचा : तुम्ही पैसे वेळेवर फेडाल याची बँकेला जितकी खात्री, तितका हा भाग लहान.

ही रचना सरळ दिसत असली तरी ती यायला बरीच वर्षं लागली. २००३ पासून बँका बीपीएलआर नावाचा स्वतःचा मूळ दर वापरत. १ जुलै २०१० पासून बेस रेट आला, १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर; हेही बँकांनी स्वतःच काढलेले दर. तिन्ही पद्धतींत तक्रार एकच होती : रिझर्व्ह बँकेने दर वाढवला की कर्ज लगेच महागतं, कमी केला की स्वस्त व्हायला महिनोन्‌महिने लागतात. २०१७ मध्ये डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने हाच दोष दाखवून बाहेरच्या निर्देशांकाशी दर जोडण्याची शिफारस केली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जांचा दर रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडणं बंधनकारक झालं. निदान तीन महिन्यांतून एकदा त्याची फेररचना व्हावी लागते.

रेपोच्या चढउताराने काय होतं, ते गेल्या काही वर्षांत घरोघरी दिसलं. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. मग २०२५ मध्ये उतार सुरू झाला : फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. रेपोला जोडलेलं कर्ज ज्यांच्याकडे होतं, त्यांचा दर एका वर्षात सव्वा टक्क्याने खाली यायला हवा. तुमचा तसा आला नसेल तर त्याचं कारण शोधणं हे पहिलं काम.

बहुतेकदा कारण असं निघतं की कर्ज २०१९ च्या आधीचं असतं आणि अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर चालू असतं. किंवा ते बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असतं. गृहवित्त कंपन्यांना बाह्य निर्देशांकाची सक्ती नाही. त्या स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट ठरवतात आणि तो कधी, किती हलवायचा हेही त्याच ठरवतात. बोईसर पट्ट्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण इथल्या पुष्कळ कर्जदारांना बँक दारात उभं करत नाही आणि मग गृहवित्त कंपनीकडे जावं लागतं. बँक नकार का देते, याचं उत्तर दोन कागदांत असतं : जागेचा आणि पगाराचा.

जागेचा कागद

गृहकर्जात घर हेच तारण. घराचा कागद जितका स्वच्छ, तितका कर्ज देणारा निर्धास्त. कागदात खोट निघाली की मोठ्या बँका फाईल परत करतात आणि तेच कर्ज दुसरीकडे दोन-चार टक्के जादा दराने मिळतं. घर निवडताना आपण नकळत दरही निवडत असतो, तो असा.

सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सरावली या गावांत ग्रामपंचायतीचा कारभार आणि शहरी वस्ती एकत्र नांदते. इथे घरपट्टीची पावती दाखवून ‘सगळं कायदेशीर आहे’ असं सांगितलं जातं. घरपट्टी हा कर आहे. ती भरल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाला परवानगी होती हेही सिद्ध होत नाही. बँकेचा वकील वेगळेच कागद मागतो : सातबारा आणि फेरफार, जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा, बांधकामाची परवानगी, इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आणि मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट.

पालघर जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल तर ती जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली कलमं ३६ आणि ३६ अ लागू होतात. आवश्यक मंजुरी घेतल्याशिवाय ती बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांच्या हातून जमीन निसटू नये यासाठी हे संरक्षण आहे. अशा जमिनीवर परवानगीशिवाय उभ्या केलेल्या चाळीत खोली घेणारा माणूस स्वतःच्या पैशाबरोबर दुसऱ्याच्या हक्काशीही खेळतो. तिथे बँकेने दिलेला नकार योग्यच म्हणायला हवा.

नव्या प्रकल्पात महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर आठपेक्षा अधिक सदनिकांचा प्रकल्प असेल तर नोंदणीशिवाय त्याची जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली जमिनीच्या मालकीचा अहवाल, मंजुरीचे कागद आणि पूर्णत्वाची तारीख सापडते. त्या प्रकल्पाला कोणकोणत्या बँकांनी आधीच मान्यता दिली आहे, हेही विचारा. सरकारी बँकांची नावं यादीत असतील तर तुमच्यापुढे पर्याय जास्त आणि दर कमी. एकाच गृहवित्त कंपनीचं नाव असेल आणि बिल्डर ‘लोन आम्हीच करून देतो’ म्हणत असेल, तर बुकिंगची रक्कम हातात ठेवा आणि कागद एखाद्या स्वतंत्र वकिलाला दाखवा. वकिलाची फी ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत स्वस्त रक्कम ठरते.

पगाराचा कागद

औद्योगिक पट्ट्यात दोन माणसं एकाच प्लांटमध्ये, एकाच पाळीत काम करतात. एक कंपनीच्या हजेरीपटावर असतो, दुसरा ठेकेदाराच्या. दुसऱ्याच्या हातात पैसे कमी पडतात, आणि वर त्याला कर्जही महाग मिळतं, कारण त्याची कमाई कागदावर दिसत नाही. निम्मा पगार खात्यात, निम्मा रोख, ओव्हरटाइम वहीत. बँक फक्त खात्यातलं मोजते.

इथे तयारी निदान एक वर्ष आधी सुरू करायची असते. पगार शक्य तितका बँक खात्यातच घ्या आणि ते खातं बदलू नका. पगाराची स्लिप दर महिन्याला मागून ठेवा. ठेकेदार बदलला तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच राहील याची काळजी घ्या. नवा ठेकेदार नवा क्रमांक काढत असेल तर जुना क्रमांक द्या. सलग चार-पाच वर्षांचा पीएफचा हिशेब हा कंत्राटी कामगाराच्या सातत्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तीन ठेकेदार बदलले तरी काम अखंड चालू होतं, हे त्यावरून दिसतं.

रिक्षा, टेम्पो, कॅन्टीन, मासळीविक्री, वेल्डिंगचं दुकान असा स्वतःचा व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्र भरा, करपात्र उत्पन्न नसलं तरी. बहुतेक बँका मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. घर पसंत पडल्यावर घाईने तिन्ही वर्षांची एकदम भरलेली विवरणपत्रं बघून त्या साशंक होतात. धंद्याची आवक यूपीआयने एकाच खात्यात आली तर तोही पुरावा होतो.

कमावती पत्नी सहकर्जदार असेल तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. काही बँका महिला कर्जदाराला दरात थोडी सूट देतात, बहुधा ०.०५ टक्का. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर निवासी घराची खरेदी झाली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंचवीस लाखांच्या घरावर हे पंचवीस हजार रुपये होतात. ही सवलत घर फक्त महिलेच्या नावावर असेल तेव्हा मिळते, म्हणून करारनामा करण्याआधीच घरात बसून निर्णय घ्यायला हवा. घर तिच्या नावावर असण्याचं मोल या पंचवीस हजारांहून कितीतरी मोठं आहे, हे वेगळं सांगायला नको.

सिबिलची पाटी

दराचा तिसरा भाग, जोखमीचा, मुख्यतः पतगुणांकावर ठरतो. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. अनेक बँकांचा गृहकर्जाचा दर या गुणांकाच्या पायऱ्यांनुसार बदलतो. साधारण ७५० च्या वर गेलं की चांगला दर मागता येतो, आणि अगदी वरच्या पायरीवर सर्वांत कमी.

हा गुणांक बिघडतो तो बहुधा छोट्या कर्जांमुळे. हप्त्यावर घेतलेला मोबाइल, मोटरसायकलचे चुकलेले दोन हप्ते, अॅपवरून काढलेले पाच हजार, न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची राहून गेलेली वार्षिक फी. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचीही नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते, हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं. मित्राला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते बुडवले तर ते तुमच्याही अहवालात उमटतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो घर शोधण्याच्या सहा महिने आधी काढा. फेडलेलं कर्ज बाकी दाखवलं असेल, दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर असेल, पत्ता चुकला असेल तर लगेच लेखी तक्रार करा. तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे केलेली सुधारणा अहवालात पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

आणखी एक सावधगिरी. कर्ज मिळवून देणारा एजंट तुमची फाईल एकाच वेळी सहा-सात ठिकाणी टाकतो. प्रत्येक ठिकाणी तुमचा अहवाल तपासला जातो आणि अशा चौकशांची रांग लागली की गुणांक घसरतो. आधी तोंडी दर विचारून दोन-तीनच ठिकाणं निवडा आणि तिथेच अर्ज द्या.

पदरचे पैसे

रिझर्व्ह बँकेने कर्जाला मर्यादा घातल्या आहेत : ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. घराची किंमत दहा लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. तो पदरूनच करायचा असतो. कमाल मर्यादेपर्यंत कर्ज मिळतं म्हणून तेवढं घेणं शहाणपणाचं नाही. कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत राहिलं तर काही बँका दरात फरक करतात, आणि कर्जच कमी असल्याने व्याजही कमी लागतं. घरासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते. पण निवृत्तीची ती एकमेव पुंजी असेल तर जपून.

हातउसने पैसे किंवा वैयक्तिक कर्ज काढून डाउन पेमेंट भरणं मात्र टाळा. त्या कर्जाचा दर गृहकर्जाहून बराच जास्त असतो आणि त्याचा हप्ता तुमची गृहकर्जाची पात्रताही खातो.

बँकेच्या टेबलावर

एवढी तयारी करून बँकेत गेलेला माणूस याचना करत नाही, तो तुलना करतो. किमान एक सरकारी बँक, एक खासगी बँक आणि तुमची ओळख असलेली एक सहकारी बँक, अशा तिघांकडे विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जातल्या मुख्य बाबींचं पत्रक, देणं बंधनकारक आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असायला हवं, हा नियम आहे. म्हणून ते मराठीत मागा. त्यात एपीआर असतो : व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा आणि इतर आकार धरून वर्षाला प्रत्यक्ष पडणारा दर. जाहिरातीतले दर बाजूला ठेवून दोन बँकांचे एपीआर समोरासमोर मांडा.

विम्याकडे नीट पाहा. कर्जदाराच्या जिवाला संरक्षण हवंच, पण बँकेने पुढे केलेली एकरकमी हप्त्याची पॉलिसीच घेतली पाहिजे असं बंधन नाही. समजा ८० हजारांचा विमा हप्ता कर्जातच मिसळला. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे १ लाख ६७ हजार रुपये भरावे लागतात. तेवढंच संरक्षण देणारा साधा मुदतीचा विमा बाहेरून घेतला तर काय खर्च येतो, ते आधी विचारून पाहा.

पहिली दोन-तीन वर्षं कमी स्थिर दर आणि मग फ्लोटिंग, अशी योजना असेल तर नंतरचा दर कशाला जोडला आहे आणि त्यावर स्प्रेड किती, ते लिहून घ्या. एका बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं की दुसऱ्या बँकेला ते दाखवून ‘याहून कमी देता का?’ असं विचारण्यात काहीही वावगं नाही. स्प्रेडमधला पाव टक्का याच टेबलावर सुटतो. पुढे रेपो कितीही हलला तरी तो पाव टक्का तुमच्या बाजूने राहतो.

उत्पन्न बेताचं असेल तर शासनाची मदत आधी तपासा. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के अनुदान, कमाल १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं. योजना शहरी क्षेत्रासाठी आहे. सालवडसारख्या ग्रामपंचायत हद्दीतलं घर त्यात बसतं का, हे त्या जागेचा सर्व्हे नंबर सांगूनच बँकेकडून लेखी घ्या. ‘बसेल’ या शब्दावर हिशेब मांडू नका. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या आदिवासी कुटुंबाने तर कर्जाआधी शबरी आदिवासी घरकुल योजनेची चौकशी करावी. तिथे अनुदान मिळतं, व्याजाचा प्रश्नच येत नाही.

कर्ज चालू असताना

कर्ज मिळालं की फाईल कपाटात जाते आणि दहा वर्षं बाहेर येत नाही. दर कमी करण्याची सर्वांत सोपी संधी नेमकी या काळात असते.

दर वाढतो तेव्हा बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. कर्जदाराला काही बदललं असं वाटतच नाही. समजा कुणी २०२१ मध्ये ७ टक्क्यांनी वीस लाख घेतले. हप्ता १५,५०६ रुपये. दोन वर्षांनी मुद्दल सुमारे १९ लाख उरलं आणि दर साडेनऊ झाला. आता महिन्याचं नुसतं व्याजच १५ हजारांवर गेलं. हप्त्यातले जेमतेम साडेचारशे-पाचशे रुपये मुद्दलात जातात. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतील अशी कर्जं या मार्गाने तयार झाली. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला : दराची फेररचना होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याची निवड कर्जदाराला द्यायची, आजवर किती मुद्दल आणि किती व्याज फेडलं, किती हप्ते उरले आणि दर काय, याचं विवरण दर तिमाहीला द्यायचं.

ते विवरण उघडा आणि त्यात दर कशाला जोडला आहे ते बघा. एमसीएलआर किंवा त्याहून जुनी पद्धत असेल तर रेपोशी जोडलेल्या दरात बदल करून द्या, असा अर्ज शाखेत द्या. थोडं रूपांतर शुल्क लागतं. कर्ज रेपोलाच जोडलेलं असेल आणि नव्या ग्राहकाला तुमच्याहून कमी स्प्रेड मिळत असेल, तर तो तुम्हालाही मिळावा अशी मागणी करा. तुमचा पतगुणांक कर्ज घेतल्यापासून बराच सुधारला असेल तर तेही लिहा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

नकार आला तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर व्यक्तींना दंड लागत नाही. बँकांसाठी हा नियम जून २०१२ पासून आहे. कर्ज हलवताना नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकनाची फी, तारणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा खर्च येतो. तो सगळा लिहून काढा आणि बचतीतून वजा करा.

एक हिशेब करून पाहू. १८ लाख बाकी, १५ वर्षं शिल्लक. दर ९.५० टक्के असताना हप्ता १८,७९६ रुपये. दर ८.२५ झाला तर हप्ता १७,४६३ रुपये होतो आणि उरलेल्या काळात २ लाख ४० हजार वाचतात. पण हप्ता कमी न करता १८,७९६ च भरत राहिलात तर कर्ज जवळपास दोन वर्षं आधी संपतं आणि बचत सुमारे ४ लाख ३७ हजारांवर जाते. म्हणून घर चालत असेल तर दर कमी झाल्यावर हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करून घ्या. बोनस आला, भिशी लागली, त्यातले थोडे पैसे मुद्दलात भरा. आणि कर्ज हलवताना देऊ केलेला टॉप-अप, म्हणजे वरचं जादा कर्ज, गरज नसेल तर घेऊ नका. वाचलेलं व्याज त्यातच निघून जातं.

एक इशारा. कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर हप्त्यात व्याजाचा वाटा लहान झालेला असतो. तेव्हा कर्ज हलवण्याचा खटाटोप फारसा उपयोगी पडत नाही. खरी संधी पहिल्या निम्म्या काळात.

बँकेने अर्जाला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

एकट्याने नको

रेपो दर नरिमन पॉइंटला आणि सालवडला एकच असतो. त्यावर जे चढतं ते जागेच्या कागदामुळे, पगाराच्या नोंदीमुळे, जुन्या हप्त्यांच्या इतिहासामुळे आणि न विचारल्यामुळे. यातलं काहीच जन्माने चिकटलेलं नाही. पण पाळी संपवून घरी आलेल्या माणसाने हे सगळं एकट्याने करावं, ही अपेक्षा जड आहे. कामगार संघटना, बचत गट, गृहनिर्माण संस्था यांनी हे काम अंगावर घ्यावं. वर्षातून एक रविवार ठरवावा. प्रत्येकाने आपला पतअहवाल आणि कर्जाचं तिमाही विवरण आणावं, ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावं, आणि त्याच बैठकीत अर्ज लिहून सोमवारी शाखेत द्यावेत. एकाच इमारतीतल्या वीस कर्जदारांचे अर्ज एका शाखेत एकाच दिवशी पोचले, तर त्या शाखेला उत्तर द्यावंच लागतं.